खुंट आणि डोळा

आमच्या अक्काच्या अंगात माझं रक्त आहे. सख्ख्या बहिणींनी एकमेकींविषयी बोलायची एक रीत असते, तसं म्हणत नाही. ती नऊ वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी औषधांनी तिची हाडं आतून जाळून रिकामी केली आणि माझ्या कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा तिच्या शिरेत सोडली. मी सात वर्षांची होते. तेव्हापासून तिच्या हाडांत जे रक्त तयार होतं ते माझं. आमची आजी बसल्याबसल्या ओव्या जुळवायची. तिनं हीही जुळवली:

एका वेलीची दोन फळं, एक सुकं एक ओलं,
ओल्या फळानं सुकल्याला रगत आपुलं पाजलं.

अक्का वयात आली तशी आईनं आजीला गप्प केलं. कर्करोग झालेली पोरगी कोण करून घेणार? पुण्याचे सगळे कागद बंबात गेले. अक्का दोन वर्षं मामाकडं शिकायला होती, असं घरात ठरलं. मलाही ते पाठ झालं, पाढ्यासारखं.

तासगावच्या निकमांकडं तिला दिली. दाजी, म्हणजे अजित निकम, बेदाण्याचे व्यापारी. सौद्याच्या दिवशी हा माणूस स्वतः बॉक्स फोडून तळाचा माल वर काढून दाखवणार, मगच भाव बोलणार. अशा घरात अक्का गेली ती ओठ शिवूनच. त्या औषधांनंतर मूल होणं अवघड आहे, असं पुण्यात सांगितलेलं फक्त आम्हाला माहीत होतं. म्हणून मैथिली झाली तेव्हा अक्का रडली ती का रडली, हे बाळंतिणीच्या खोलीत मला एकटीला कळलं.

मी लग्न केलं नाही. तासगाव-मणेराजुरी रस्त्याला माझी द्राक्षरोपांची नर्सरी आहे. खाली रानटी वेलीचा खुंट आणि वर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फुटवा येणारी काडी, बांधायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळं पुढं डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं, ते त्या खोलीत सगळ्यांत आधी मला कळलं. कळलं, आणि मी गप्प बसले.

दोन हजार त्रेचाळीस सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सत्तेचाळीसाव्या वर्षी अक्काच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. गाठ काढली. पन्नाशीच्या आतला रुग्ण असला की तेव्हा सरकारी 'वारसा पडताळणी' सक्तीची झाली होती. सांगलीच्या दवाखान्यात आम्ही तिघं बसलो होतो: अक्का, दाजी आणि मी. समोर डॉ. केतकी जोगळेकर, तिशीतल्या, चेहऱ्यावर दिवसाला चाळीस कुटुंबांना तेच ते सांगितल्याचा शीण.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "आपल्या प्रत्येक पेशीत एक जनुक असतं, टीपी-त्रेपन्न. तुम्ही त्याला गावची राखण करणारा जागल्या म्हणा. पेशी स्वतःची नक्कल काढताना एखादं अक्षर चुकली, की हा हाक देतो. थांब, आधी दुरुस्त कर. दुरुस्त होत नसेल तर तो त्या पेशीला मरायला लावतो. म्हणून आपण जगतो. असे जागले दोन, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. काही माणसांत त्यातला एक जन्मापासूनच मेलेला असतो. मग दुसऱ्याला कधीतरी डुलकी लागते आणि गाठ येते. लहानपणी, तरुणपणी, एक बरी झाली की दुसरी."

"आणि पोराबाळांना?" दाजींनी विचारलं.

"निम्मी शक्यता. मेलेला जागल्या मुलाकडं जाईल किंवा जाणार नाही. गेला असेल तर आता आपल्याकडं रोखलस आहे. चार इंजेक्शनं. जागल्या मेलेली पेशी ओळखून खायला ती शरीराला शिकवते. पण गाठ धरायच्या आत द्यावी लागते. पोटात मूल असताना किंवा अंगावर पाजताना देता येत नाही. आणि अशा माणसाला किरणं द्यायची नसतात. किरणांनीच नवी गाठ उठते."

मग त्यांनी पडदा आमच्याकडं वळवला.

"वनिताताईंच्या गाठीत जागल्या मेलेला आहे. पण गाठीत तो बऱ्याचदा मरतोच, त्याला अर्थ नाही. अंगभर मेलाय की काय, ते रक्त सांगतं. रक्तात दोन्ही जागले ठणठणीत आहेत. बातमी चांगली आहे. फक्त एक अडचण आहे. यंत्र म्हणतंय, ही गाठ आणि हे रक्त एका माणसाचं नाही."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"असं दोनच कारणांनी होतं. एक तर मेणात जपलेली गाठीची वडी इकडं येताना बदलली. नाहीतर पेशंटनं कधीतरी दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतलेली असते. ताई, लहानपणी काही मोठा आजार? बोन मॅरो वगैरे?"

माझ्या नर्सरीत नवा मजूर आला की मी त्याला पहिली गोष्ट शिकवते. मुळातून फुटलेलं पान हातात घेऊन वरच्या द्राक्षाची जात सांगू नकोस. ते पान खुंटाचं आहे, घड दुसऱ्याचे आहेत. अक्काचं रक्त म्हणजे तसं पान होतं. तिची कातडी, तिचे स्तन, तिची कूस, मैथिली जिथून आली ते सगळं तिचं स्वतःचं, आणि यंत्रानं वाचले होते माझे जागले.

अक्कानं दाजींकडं पाहिलं. दाजी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. उघडायचे, लावायचे.

"नाही," अक्का म्हणाली. "मला साधी कावीळसुद्धा झाली नाही कधी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही सख्ख्या बहीण ना? तुम्हाला काही आठवतंय?"

माझ्या कमरेवर, दोन्ही बाजूंना, सुईचे बारीक व्रण अजून आहेत.

"नाही," मी म्हणाले.

त्या दाजींकडं वळल्या. दाजी म्हणाले, "ती म्हणतेय म्हणजे तसंच असणार."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि काहीतरी टंकलं. गाठीची वडी बदलली गेली असावी, असा शेरा पडला. रक्त ग्राह्य धरलं. अक्काच्या घराण्याला 'वारसामुक्त' दाखला मिळाला. लोक त्याला निर्धास्त दाखला म्हणत. लग्नाच्या बाजारात त्याला पत्रिकेपेक्षा जास्त मान होता. मैथिलीचं लग्न अडीच महिन्यांवर होतं आणि सासरच्यांनी तोच कागद मागितला होता.

पडताळणीच्या नियमानं माझंही रक्त घेतलं होतं. आठ दिवसांनी मी कलमं बांधत होते तेव्हा मोबाइलवर निरोप आला: 'हा नमुना वनिता अजित निकम यांच्या नावे आधीच नोंदलेला आहे. कृपया स्वतःचा नमुना द्यावा.'

यंत्राला बिचाऱ्याला खरं तेवढंच बोलता येत होतं. मी हातातली पट्टी तशीच ठेवून तासगावला गेले.

अक्का माडीवर मैथिलीच्या साड्यांना फॉल लावत बसली होती. मी मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं वाचला, आणि सुई पुन्हा साडीत घातली.

"दार लाव," ती म्हणाली.

"अक्का, लहानपणी तुला झाला, आता परत झाला. बाई म्हणाल्या तशाच माणसात बसतेस तू. मैथिलीचं रक्त तपासून घेऊ. गुपचूप. बाहेर, खासगीत."

"तिला काय सांगून रक्त घेणार? दाखला मिळालेल्या पोरीचं?"

"खरं सांगून."

"खरं." ती हसली. "ऊर्मे, तू झाडांत राहतेस. तुला बरं आहे. खरं सांगितलं की आधी हे लग्न मोडतं. मग ह्यांना कळतं की चोवीस वर्षं ह्यांच्या ताटात किडका माल वाढला. आणि हे काही बोलणार नाहीत. शिव्या दिल्या, मारलं तर मी सोसेन. हे नुसते बघतील. ते मला बघवायचं नाही."

"पोरीच्या जिवापेक्षा ते मोठं आहे?"

"निम्मी शक्यता म्हणाली ना ती? मग निम्म्यात माझी पोर सुटलेली असेल."

"आणि नसली तर?"

"लग्न होऊ दे. मग मी स्वतः सांगते. एकदा तिच्या घरी नांदायला लागली की सांगते. तोवर तू तोंड उघडलंस तर मी तुला मेले." मग तिचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "तू एकदा जगवलंस ना मला? आता मारू नकोस."

असं बोलल्यावर माणूस काय करतं? चांगलं माणूस उठून जातं आणि सांगतं. मी साडीचं दुसरं टोक धरून बसले. तिरपा होऊ नये म्हणून तिला फॉल ताणून देत राहिले. दुसरा नमुना मी कधी दिलाच नाही.

त्याच महिन्यात अक्काला किरणं सुरू झाली. जागले ठणठणीत असलेल्या बाईला द्यायची तेवढी, पंचवीस वेळा. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पहिल्या दिवशी आत जाताना तिनं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. मी म्हणाले, "अक्का, अजून वेळ आहे." ती म्हणाली, "धर नीट. तुटेल." आणि गेली. पंचवीस दिवस ती अशी जात होती, बाजाराला जावं तशी.

फेब्रुवारीत लग्न झालं. मैथिली इस्लामपूरला गेली. नवरा मुलगा भला, सासू बोलकी. अक्का म्हणाली, पहिला सण होऊ दे. सण झाला. मग मैथिलीचा फोन आला की तिला दिवस गेलेत. "आता कशी सांगू? आता ती लस पण देत नाहीत," अक्का मला म्हणाली, आणि मला तिच्या आवाजात सुटका ऐकू आली. बाळंत होऊ दे, म्हणाली. मुलगी झाली. दूध सुटू दे, म्हणाली.

बाळाला अकरावा महिना लागला तेव्हा मैथिली माहेरी आली होती. एके सकाळी म्हणाली, "मम्मी, इथं कडक लागतंय बघ."

मी तिथंच होते, बाळाला नाचणीचं सत्त्व भरवत. अक्कानं हात लावून पाहिलं. मी तिच्या हाताकडं पाहिलं. तो हात मी ओळखते. तो हात ज्या जागेवर थबकला, तिथून हलला नाही.

"दुधाची गाठ आहे," अक्का म्हणाली. "शेकलं की विरघळेल."

अकरा दिवस ती शेकत होती. तव्यावर फडकं गरम करायचं, स्वतःच्या गालाला लावून बघायचं, मग लेकीच्या अंगाला. बाराव्या दिवशी मी मैथिलीला गाडीत घालून गावातल्या डॉक्टरकडं नेलं. एवढंच धाडस मला तीन वर्षांत झालं. डॉक्टरांनी तपासलं, संगणकावर तिचं नाव घातलं. दाखला पुढं आला. ते हसून म्हणाले, "तुमचं घराणं स्वच्छ आहे. वय पंचविशीचं, अंगावर पाजताय. दुधाचीच असणार. दूध तोडा, दोन महिन्यांनी दाखवा."

मी तोंड उघडलं. मैथिली मोकळी होऊन इतकी गोड हसली की मी ते मिटलं. मिटलं ते मीच. अक्कानं शपथ घातली नव्हती की पाय धरले नव्हते. ती तिथं नव्हतीच.

दोन महिन्यांचे चार झाले. काखेत गाठी आल्या तेव्हा सांगलीला नेलं, आणि नशीब असं की समोर त्याच डॉ. केतकी. त्यांनी मैथिलीचं रक्त वाचलं. एक जागल्या जन्मापासून मेलेला. मग अक्काच्या दंडावरून कातडीचा मुगाएवढा तुकडा घेतला. रक्ताचा खोटेपणा कातडीला येत नाही. कातडीत तोच बिघाड, तेच अक्षर. जुनी गाठीची वडी काढून पुन्हा वाचली. ती वडी कधीच बदललेली नव्हती.

बाईंनी मैथिलीला आणि जावयांना एकांतात सगळं सांगितलं. बाळाचंही रक्त घेतलं. तिलाही मेलेला जागल्या आला होता. तिच्यासाठी रोखलस होती, वेळ होती. मैथिलीसाठी लस आता नुसतं पाणी होतं. दुखणं यकृतात पोचलं होतं.

त्या आठवड्यात मैथिलीनं आम्हा तिघांना सांगलीच्या खोलीवर बोलावलं. उपचारासाठी त्यांनी दवाखान्याजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. दुपारची वेळ. पोरीचे केस गेले होते, डोक्याला मऊ फडकं. जावई बाळाला घेऊन आतल्या खोलीत होते. अक्काच्या छातीवर, किरणं दिलेल्या जागी, तोवर जांभळे डाग उठले होते. ती ते पदरानं झाकून बसली होती. तिला ते काय आहेत हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"पप्पांना माहीत नाही अजून," मैथिली म्हणाली. "मी सांगणार नाही. मम्मी, तू सांग. आता, माझ्यासमोर."

अक्का खाली बघत राहिली.

"बोल की. मावशी आहे सोबतीला. तुझी साक्षीदार."

अक्कानं सांगितलं. फरशीकडं बघत, एकेक शब्द. नऊ वर्षांची असताना. पुणे. ऊर्मीचं रक्त. आईनं जाळलेले कागद. त्या खोलीत खोटं बोलले. माडीवर ऊर्मीला गप्प केलं. शेकताना मला माहीत होतं. हे शेवटचं तिला कुणी विचारलं नव्हतं, पण तिनं सांगितलं.

आम्ही दाजींकडं पाहिलं. चोवीस आणि तीन, सत्तावीस वर्षं ज्या नजरेला ती भ्यायली होती, ती आता वर येणार होती. दाजींनी मान वर केलीच नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?" अक्कानं विचारलं.

"पुण्याचं. तुझ्या आजाराचं. सुपारी फुटायच्या आधी तुझे आप्पा एकटे आले होते माझ्याकडं. म्हणाले, जावई, फसवून पोर देणार नाही. सगळं सांगितलं. ऊर्मिलाची मज्जा दिल्याचंही. मी म्हणालो, मला पोरगी पसंत आहे. तर हात धरून म्हणाले, एक करा. तुम्हाला माहीत आहे हे तिला कधी कळू देऊ नका. नाहीतर जन्मभर तुमच्या उपकाराखाली मान घालून जगेल." त्यांनी घसा साफ केला. "मी शब्द दिला. पाळला."

पंखा फिरत होता. अक्काचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

"मग त्या दिवशी," मी विचारलं, "बाई विचारत होत्या तेव्हा?"

"मी वाट बघत होतो. वाटलं, आता सांगेल. ती नाही म्हणाली. परक्या बाईसमोर बायकोला खोटी पाडू? मग वाटलं, ऊर्मिला सांगेल. तिला यातलं कळतं, कलमं बांधते. ती पण नाही म्हणाली. म्हटलं, दोघी नाही म्हणतात म्हणजे एवढं काही महत्त्वाचं नसेल."

अक्का हसल्यासारखी काहीतरी करायला लागली. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. दाजींनी तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढं केला आणि मध्येच थांबवला.

मैथिली बराच वेळ तिघांकडं बघत होती. पुरवून पुरवून, एकेकाकडं.

"म्हणजे त्या खोलीत तुम्ही तिघं बसला होता," ती म्हणाली, "आणि तिघांना माहीत होतं."

दाजींनी हात मागं घेतला.

"पप्पांनी मम्मीला जपलं. मम्मीनं पप्पांना जपलं. मावशीनं मम्मीला. फार जीव आहे तुमचा एकमेकांवर." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. तिच्या लहानपणी मी तिला झोपवताना वापरायचे तसा आवाज. "मला वाटायचं, आपल्या घरात कधी भांडण होत नाही. मैत्रिणींना सांगायचे मी कौतुकानं."

"मैथिली, बाळ," दाजी म्हणाले.

"बाळाला लस सोमवारी देणार आहेत. चार आठवडे अंगात ताप राहील तिच्या. तोवर तुम्ही कुणी इथं यायचं नाही. नंतरही मी बोलावलं तर यायचं."

"तुझं कोण करणार गं इथं?" अक्का म्हणाली. "तुला उलट्या होतात, उठवत नाही. मी कोपऱ्यात बसेन. बोलणार नाही काही."

"तेच तर नको आहे, मम्मी."

आत बाळ रडायला लागलं. आवाजाबरोबर अक्का अर्धी उठली, सवयीनं. मैथिलीनं हात वर करून तिला बसवलं आणि स्वतः उठली. भिंतीला धरून, एक पाऊल, मग थांबून दुसरं. आम्ही तिघं तिला सावरायला पुढं झालो आणि तिघंही जागच्या जागी थांबलो. ती दारापर्यंत पोचली, आत गेली, आणि तिनं कडी लावली.

बाळाचं रडणं थांबायला फार वेळ लागला. आम्ही बाहेर बसून ते ऐकलं.